कल्पना मागण्याआधी कपाट उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात हल्ली दर पंधरवड्याला एक तरी बातमी असते. कुठल्या तरी कंपनीने, खात्याने नाहीतर कॉलेजने ‘इनोव्हेशन पोर्टल’ सुरू केले, पाहुण्यांनी बटण दाबले, तरुणांनी आपल्या कल्पना पाठवाव्यात असे आवाहन झाले. फोटोत समई, मागे मोठा पडदा, पडद्यावर विजेचा दिवा. संस्थेने आपल्या चार भिंतींतल्या डोक्यांवरच विसंबू नये, बाहेरच्यांची अक्कल घ्यावी आणि आपल्याकडे पडून असलेले काही बाहेरच्यांना वापरू द्यावे, या विचाराला व्यवस्थापनाचे लोक ओपन इनोव्हेशन म्हणतात. हेन्री चेसब्रो या अमेरिकन प्राध्यापकाने २००३ साली ते नाव रूढ केले. विचार मला शंभर टक्के पटतो. पण त्यात माहिती तंत्रज्ञानाने नेमके करायचे काय, याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. खाणीवर जन्म घालवलेल्या माणसाला तो चटकन दिसतो, म्हणून हे पत्र. लांबले आहे, कापायचे तिथे कापावे.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात एका लोहखनिजाच्या खाणीवर सर्व्हेअर होतो. ड्रिलिंगची माणसे बोअरमधून निघालेला कोअर, म्हणजे दगडाची लांब कांडी, खोक्यांत मांडून आणायची, जिऑलॉजिस्ट त्याचे वर्णन रजिस्टरात लिहायचे, लॅबमधून लोह, अॅल्युमिना आणि सिलिकाचे आकडे यायचे, आणि मी ट्रेसिंगवर सेक्शन, म्हणजे डोंगराचा उभा छेद, काढायचो. वर लॅटेराइट, मग ढेकळांचे खनिज, खाली ब्ल्यू डस्ट म्हणजे भुकटीसारखे खनिज, मध्येच नको तिथे मातीचा पट्टा. पुढे संगणक आले. जुन्या रजिस्टरांतले आकडे भरायला बसलो तर एकाच बोअरची दोन रजिस्टरांत दोन नावे. एकाने खोली फुटांत लिहिलेली, दुसऱ्याने मीटरमध्ये. समुद्रसपाटीपासूनची उंची कित्येकांत दिलेलीच नाही. हे सगळे एका साच्यात आणायला आमचे पावसाळेच्या पावसाळे गेले, कारण खणकाम बंद असे तेव्हाच या कामाला सवड. शेवटी जमले. मग पडद्यावर आख्खा डोंगर हवा तिथून कापून बघता यायचा. आणि जमले त्याच दिवसापासून ती फाईल कुलपात गेली. शेजारच्या लीजवाल्याचे सोडा, आमच्याच खनिज धुऊन सुधारणाऱ्या बेनिफिशिएशन प्लँटवरच्या इंजिनिअरला ती बघायची तर चिठ्ठी लिहून मागावी लागे. खनिजाची माहिती म्हणजे खनिजच, ती बाहेर गेली की संपले, अशी सगळ्यांची पक्की समजूत. माझीही होती, आणि त्या धंद्यात ती अगदीच चुकीची म्हणता येत नाही.

अशा माणसाने निवृत्तीनंतर कॅनडातल्या गोल्डकॉर्प कंपनीची हकीकत वाचली तर त्याचे काय होईल? ऑन्टारिओ प्रांतात त्यांची रेड लेक ही सोन्याची खाण. सोने आहे हे ठाऊक, नेमके कुठे ते हाती लागेना. कंपनीचे प्रमुख रॉब मॅकइवन यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत लिनक्सविषयी एक व्याख्यान ऐकले. जगभरचे प्रोग्रामर एकमेकांना न भेटता एक प्रणाली कशी लिहितात, त्याविषयी. परत येऊन त्यांनी ठरवले की आपल्या खाणीची भूशास्त्रीय माहिती इंटरनेटवर टाकायची. घरचे जिऑलॉजिस्ट हबकले, ते साहजिकच होते. मार्च २००० मध्ये सुमारे ४०० मेगाबाइट माहिती सर्वांना खुली झाली आणि कुठे खणावे ते सांगणाऱ्यांसाठी एकूण ५ लाख ७५ हजार डॉलरची बक्षिसे लागली. पन्नासएक देशांतून हजाराहून अधिक लोक पुढे आले. त्यांत जिऑलॉजिस्ट होते, तसेच गणिती होते, विद्यार्थी होते, लष्करातले अधिकारीही होते. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे लोकांनी ११० जागा दाखवल्या, त्यांतल्या निम्म्या कंपनीच्या माणसांच्या ध्यानीमनी नव्हत्या, आणि त्या नव्या जागांपैकी ८० टक्क्यांहून अधिक ठिकाणी भरघोस सोने निघाले. पहिला नंबर आला ऑस्ट्रेलियातल्या दोन लहान संस्थांच्या जोडगोळीचा. त्यांनी खाणीचे त्रिमितीय चित्र तयार केले होते. खाणीवर ते कधी गेले नव्हते.

ही गोष्ट आपल्याकडच्या सेमिनारांत बक्षिसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मला तीत दिसतात ते ४०० मेगाबाइट. पन्नास वर्षांच्या वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या नोंदी एका भाषेत, एका मापात, एका अक्षांश-रेखांशात आणून, ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधल्या माणसाला ऑन्टारिओतल्या माणसाला फोन न करता वाचता येतील अशा मांडणे, हे काम मी केलेले आहे. ते किती कंटाळवाणे असते हे मला विचारा. माहिती तंत्रज्ञानाची ओपन इनोव्हेशनला खरी मदत होते ती इथे. कल्पना गोळा करायला पोस्टाचे पाकीटही चालते. बाहेरच्याला काम करता येईल अशा स्वरूपात आपली माहिती त्याच्या टेबलावर नेऊन ठेवणे पाकिटाला जमत नाही.

आता आपल्याकडचे बघा. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. इथल्याच एका औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीने हॅकॅथॉन, म्हणजे थोड्या वेळात उपाय बनवण्याची स्पर्धा, ठेवले, त्यात त्याची चौकडी गेली. प्रश्न एका ओळीचा: ‘ऊर्जाबचतीसाठी नावीन्यपूर्ण उपाय सुचवा.’ पोरांनी विचारले, कॉम्प्रेसरचे मीटर रीडिंग मिळेल काय, तासातासाचे नको, महिन्याची बिले तरी? उत्तर आले, गोपनीय आहे. मग पोरांनी मनाने आकडे घातले, त्यांवर एक देखणे अॅप केले, त्यात आलेख वरखाली करत होते. दुसरे बक्षीस मिळाले. टी-शर्ट, प्रमाणपत्र, जेवण चांगले होते म्हणे. पुढे कोणी एक ओळ लिहिली नाही. भाचा म्हणतो, ‘‘मामा, आमकां कळ्ळेंच ना, तांकां खरेंच कितें जाय आशिल्लें.’’ (त्यांना खरेच काय हवे होते ते आम्हाला कळलेच नाही.) हा मुलांचा दोष मानायला मी तयार नाही. रोग न सांगता औषध मागणारा पेशंट आणि वैद्य यांच्यात जे होईल ते तिथे झाले.

प्रश्न नीट मांडणे हे दुसरे काम, आणि त्यातही संगणकाचा हात मोठा आहे, फक्त तो दिसत नाही. एली लिली या औषध कंपनीच्या पुढाकाराने २००१ साली इनोसेंटिव्ह नावाची संस्था निघाली. कंपन्यांचे अडलेले प्रश्न ती ऑनलाइन मांडायची, उत्तराला ठराविक रक्कम ठेवायची. ऑइल स्पिल रिकव्हरी इन्स्टिट्यूट ही अलास्कातली संस्था तिथे एक प्रश्न घेऊन आली. समुद्रात सांडलेले कच्चे तेल बार्जमध्ये गोळा होते, पण तिथल्या थंडीत ते पाण्यासह इतके घट्ट होते की पंपाने उपसता येत नाही. तेलधंद्यातल्या जाणकारांना जमले नव्हते. २००७ मध्ये २० हजार डॉलर जिंकले इलिनॉय राज्यातल्या जॉन डेव्हिस या रसायनतज्ज्ञाने. तेलाशी त्याचा संबंध नव्हता. काँक्रीटच्या कामाची मात्र ओळख होती. ओतताना काँक्रीट वाहते राहावे म्हणून त्यात व्हायब्रेटर घालतात, तसाच तेलात घाला, असे त्याने सुचवले. आमच्याकडे स्लॅब घालताना मेस्तच्या हातात असतो, तोच तो व्हायब्रेटर. गोव्यातल्या कुठल्याही मेस्तला हे सुचले असते, पण त्याला कोणी विचारले असते तर! आणि विचारले असते तरी ‘सागरी हायड्रोकार्बन पुनर्प्राप्तीतील नावीन्य’ अशा मथळ्याखाली विचारले असते. तिथे प्रश्न लिहिताना तो तेलाच्या भाषेतून काढून ‘घट्ट होणारा पदार्थ वाहता कसा ठेवावा’ इतका साधा केला जातो, सोबत तापमान, प्रमाण, अटी, कशाला उत्तर मानले जाईल ते सगळे लिहिले जाते. असा प्रश्न लिहायला जाणता माणूस बसवावा लागतो. आपल्या पोर्टलांवर मात्र प्रश्नाची चौकट दोनशे अक्षरांची आणि लोगोची जागा अर्धे पान.

चोडणला माझ्या ओळखीचे एक खाजन शेतकरी आहेत. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. एका प्रदर्शनात विद्यार्थ्यांनी मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराचे, मॉडेल ठेवले होते. भरती आली की सेन्सर सांगणार, मोटर फिरणार, दार बंद होणार. यांनी सगळे शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘‘पुता, मानशीचीं दारां भरतेक आपसूकच धांपतात न्हय?’’ खरेच आहे. बाहेरचे पाणी चढले की त्याच्याच रेट्याने लाकडी दार मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. शतकानुशतके ते विजेशिवाय चालू आहे. त्यांची खरी अडचण निराळी. मासळीसाठी कोणी रात्री दार अडवून उघडे ठेवले की खारे पाणी शेतात शिरते, आणि कळते सकाळी. बांधाला खेकड्याने भोक पाडले तर तेही उशिरा कळते. कोरगुट भात मिठाला दाद देत नाही म्हणतात, जुन्या गोव्याच्या किनारी कृषी संशोधन संस्थेने ‘गोवा धान’ नावाने खारपट सोसणारी वाणेही दिली आहेत, पण सोसण्यालाही सीमा असते. त्यांना हवा आहे तो पाण्यातला खारटपणा मोजून रात्री फोन वाजवणारा एखादा स्वस्त डबा. मोटरपेक्षा कितीतरी सोपे काम. पण हे त्या पोरांपर्यंत पोचायचा रस्ता नव्हता. पोर्टलवर नोंदणी इंग्रजीत, ई-मेल सक्तीचा, आणि ‘उद्योगक्षेत्र निवडा’ या यादीत खाजन नाही. हेच शेतकरी नातवाला व्हॉट्सअॅपवर पाच-पाच मिनिटांचे आवाजी निरोप पाठवतात. कोकणीत किंवा मराठीत बोललेला प्रश्न घेऊन त्याची नोंद करणारी साधी सोय आज अवघड राहिलेली नाही. ती केली तर प्रश्न कपड्यांची इस्त्री न करता येतील, आणि मला तेच हवे आहेत.

खाजनाचीच आणखी एक बाजू. त्या पोरांना त्या गावच्या बांधाचा नकाशा हवा होता. मिळाला तो झेरॉक्सचा स्कॅन, तिरका, प्रमाणपट्टी कापलेली. अशा चित्राला ‘डेटा उपलब्ध आहे’ म्हणतात. खाणींचेही तेच. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजे रद्द केली, नंतर लिलाव सुरू झाले. या सगळ्या धामधुमीत अमुक डंप (खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीग) किती उंच, त्याचा उतार किती, पावसात त्यावरून उतरणारी माती कुठल्या ओहोळाला मिळते, पाण्याने भरलेल्या जुन्या पिटची खोली किती, हे आकडे कुठल्या तरी खाण-आराखड्याच्या परिशिष्टात चित्र होऊन पडले आहेत. शंभर जणांनी शंभर वेळा मोजलेले, पण एकालाही वापरता न येणारे. फर्मागुढीला आयआयटी, कुंकळ्ळीला एनआयटी, झुआरीनगरला बिट्स, दोनापावलला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, एवढ्याशा राज्यात एवढी डोकी आहेत. त्यांच्या हातात नीट कोष्टके द्या आणि डंपाखालच्या वाड्यांवरच्या लोकांना पावसाळ्याआधी कोणता उतार धोक्याचा ते कळू द्या. केंद्राच्या पातळीवर २०२३ च्या अखेरीस नॅशनल जिओसायन्स डेटा रिपॉझिटरी हे पोर्टल सुरू झाले आणि देशभरची भूशास्त्रीय माहिती त्यावर ठेवली जाऊ लागली. खनिजाची माहिती उघडी केली तर आभाळ कोसळत नाही, एवढे तरी त्यातून आपल्याकडच्या लोकांना कळावे.

‘आमचे सगळे उघडे टाकले तर धंदा काय करायचा?’ असे कारखानदार विचारतील. रास्त आहे. सगळे टाकावे असे कोणी म्हणत नाही. संगणकाची खुबी अशी की दार किती उघडायचे ते ठरवता येते. युपीआयचे उदाहरण घ्या. २०१६ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ते आणले तेव्हा बँकेची तिजोरी उघडली नाही. बँकेशी बोलण्याची पद्धत तेवढी ठरवून दिली आणि ती पाळणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांना अॅप काढायला मुभा दिली. पणजीच्या मार्केटात बांगडे मासळीच्या पाटीशेजारी क्यूआर कोड टेकवून बसलेल्या बाईला यातले काही ठाऊक नाही, तिला तो डबा ‘पैसे मिळाले’ म्हणून ओरडतो एवढे पुरते. तो बोलणारा डबा बँकांनी काढलेला नव्हे, बाहेरच्यांनी काढला. ऑगस्ट २०२५ मध्ये महिन्याचे व्यवहार २,००० कोटींवर गेले.

परक्याचा हात आपल्या कामात शिरू द्यायची भीती दुसऱ्याही एका सोयीने कमी होते. लिनक्सवाल्यांना हजारो अनोळखी लोकांनी पाठवलेले बदल सांभाळायचे होते, त्यासाठी लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट हे साधन लिहिले. कोणी, केव्हा, काय बदलले ते त्यात राहते आणि पटले नाही तर मागे जाता येते. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात ‘फायनल’, ‘फायनल-नवे’, ‘फायनल-साहेबांनी पाहिलेले’ अशा नावांच्या फाइली असायच्या. तिथे बाहेरचा माणूस घेणे म्हणजे आगच. जिथे मागे फिरता येते तिथे नवख्यालाही हात लावू देता येतो, आणि हे साधन फुकट मिळते.

एका बाबतीत मात्र मी कारखानदारांपेक्षाही भित्रा आहे. माणसांची माहिती. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये आपली शिफारस-पद्धत १० टक्क्यांनी सुधारणाऱ्याला १० लाख डॉलर लावले आणि ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले सुमारे १० कोटी गुण, नावे काढून, खुले केले. २००९ मध्ये बक्षीस दिलेही गेले. पण दरम्यान टेक्सास विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी त्या नाव नसलेल्या यादीतली काही माणसे दुसऱ्या संकेतस्थळावरच्या गुणांशी जुळवून ओळखून काढली. गाजावाजा झाला, खटला झाला, दुसरी स्पर्धा २०१० मध्ये रद्द करावी लागली. अमेरिकेएवढ्या देशात ही कथा. आमच्या गावात ‘वय ६२, अमुक वाडा, मधुमेह, मुलगा लंडनला’ एवढे छापले की नाव कशाला लागते? तेव्हा इस्पितळ, बँक, पंचायत यांनी आपले आकडे उघडताना दहादा विचार करावा. डंपाच्या उताराला आणि कॉम्प्रेसरच्या मीटरला असली लाज नसते, तिथून सुरुवात करावी.

राहिला हक्काचा प्रश्न, आणि यात मला सगळ्यांत जास्त राग येतो. भाच्याने सही केलेला फॉर्म मी वाचला. बारीक अक्षरात असे होते की स्पर्धेत मांडलेले सर्व काही आयोजकांच्या मालकीचे, जिंको वा हरो. लेगो कंपनीकडे चाहते स्वतःच्या रचना ऑनलाइन मांडतात, दहा हजार लोकांचा पाठिंबा मिळाला की कंपनी विचार करते, आणि खेळणे बाजारात आले तर रचनाकाराला निव्वळ विक्रीचा एक टक्का मिळतो. टक्का थोडा आहे, पण तो आधी लिहिलेला आहे. पैशाशिवायही चालते, फक्त तेही आधी सांगावे. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे केंद्राच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, २००८ मध्ये क्षयरोगाच्या औषधासाठी खुला प्रकल्प उभारला. देशभरच्या विद्यार्थ्यांनी ऑनलाइन एकत्र येऊन क्षयाच्या जंतूच्या चारेक हजार जनुकांची माहिती पुन्हा तपासली, मांडली. काम सर्वांसाठी खुले राहणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, म्हणून ते राबले. पोरांना श्रेय हवे असते. ते कोणाच्या नावावर जाणार हे धूसर ठेवले की हुशार पोर पुढच्या वेळी येत नाही, येतो तो टी-शर्ट जमवणारा.

संपादकसाहेब, आपल्याकडे एक मागणे आहे. अशा पोर्टलाची किंवा हॅकॅथॉनची पुढची बातमी येईल तेव्हा आपल्या वार्ताहराने आयोजकांना इतके विचारावे: स्पर्धकांना कोणते आकडे देणार आणि ते कोष्टकात की स्कॅनमध्ये? प्रश्न कोणी लिहिला, तो माणूस शंकांना उत्तरे द्यायला बसणार आहे काय? न निवडलेल्यांना किती दिवसांत कळवणार? मालकी कोणाची? जी काही उत्तरे मिळतील ती फोटोच्या खाली छापावीत, आणि उत्तर मिळाले नाही तर तसेही छापावे. फोटो थोडा लहान केला की जागा होते. गरज पडली तर बोअरच्या आणि सर्व्हेच्या जुन्या नोंदी कोष्टकात कशा उतरवायच्या हे विद्यार्थ्यांना दाखवायला मी कुठल्याही कॉलेजात यायला तयार आहे. येण्याजाण्याचे भाडे नको, फक्त पावसाळ्यात बोलवावे. उन्हाळ्यात काजूच्या बागायतीतून सवड होत नाही.

आपला,
एक निवृत्त खाण सर्व्हेअर
साखळी, गोवा